दोन पंच आणि एक निर्णय

मराठींत ‘पांचामुखीं परमेश्वर’ अशी एक म्हण आहे. पांच जाणते एकत्र बसले आणि त्यांनीं एकविचारानें कांहीं सांगितलें, तर तें देवानेंच सांगितलें असें समजावें, हा तिचा अर्थ. म्हण जुनी आहे आणि तिच्यांत शहाणपणहि पुष्कळ आहे. परंतु एका प्रश्नाचें उत्तर तिनें दिलेलें नाहीं. दोन मुखांतून दोन वेगळीं उत्तरें निघालीं, तर परमेश्वर कोणत्या मुखीं समजावयाचा? न्यायकचेरींत असा प्रसंग आला तर वरचें न्यायालय असतें, तारीख पुढें ढकलतां येते, कागद पुन्हां वाचतां येतात. खेळाच्या मैदानावर यांतील कांहींच नसतें. एक पंच मूठ उंचावून ‘बाद’ म्हणतो; त्याच क्षणीं दुसरा दोन्ही हात आडवे पसरून ‘नाबाद’ म्हणतो; खेळाडू अर्ध्या वाटेंत थबकतात; आणि भोंवतीं उभे असलेले प्रेक्षक आपापल्या सोयीचा पंच तेवढा खरा धरून ओरडूं लागतात. खेळ सुरू राहावयाचा असेल तर उत्तर दोन-चार मिनिटांत मिळालें पाहिजे, आणि तें उभय पक्षांना निदान सोसवलें पाहिजे. हा गुंता निरनिराळ्या काळीं, निरनिराळ्या देशांत माणसांनीं कसकसा सोडविला, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण बोधप्रदहि आहे.

आपल्याकडील याचें सर्वांत जुनें उदाहरण महाभारतांत सांपडतें. भीम आणि दुर्योधन यांचें गदायुद्ध झालें त्या वेळीं बलराम तेथें हजर होता. दोघेहि त्याचे शिष्य. गदायुद्धांत नाभीच्या खालीं प्रहार करूं नये हा नियम. भीमानें दुर्योधनाच्या मांडीवर गदा घातली तेव्हां बलरामानें तो उघड अधर्म ठरविला आणि आपला नांगर उचलून तो भीमावर धांवून गेला. श्रीकृष्णानें त्याला आवरलें आणि भीमाची प्रतिज्ञा व दुर्योधनाचे मागील अपराध त्याच्यापुढें मांडले. बलरामाचें समाधान झालें नाहीं. तो रथांत बसून द्वारकेस निघून गेला. येथें दोघांपैकीं खोटें कोणीच बोलत नव्हतें. बलराम त्या एका प्रहाराकडे पाहात होता आणि श्रीकृष्ण सगळ्या वैराच्या हिशोबाकडे. अंतिम शब्द कोणाचा, हें मात्र युद्धापूर्वीं कोणीच ठरविलें नव्हतें. आणि म्हणून त्या प्रहाराचा न्याय आजपर्यंत कीर्तनांतून व ओट्यांवरून पुन्हां पुन्हां होत आला आहे.

खेळांतील पंचांकडे वळण्यापूर्वीं वऱ्हाडच्याच इतिहासांतील एक प्रसंग पाहिला पाहिजे. कारण या गुंत्याचें मूळ त्यांत फार स्पष्ट दिसतें. अमरावती जिल्ह्यांतील अंजनगांव सुर्जी हें गांव विड्याच्या पानांच्या मळ्यांसाठीं वऱ्हाडांत प्रसिद्ध आहे. पण इतिहासाच्या पुस्तकांत त्याचें नांव येतें तें एका तहामुळें. इ. स. १८०३ च्या नोव्हेंबरच्या २९ तारखेस अडगांवची लढाई झाली, डिसेंबरच्या १५ तारखेस गाविलगड पडला, आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेस दौलतराव शिंदे व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यामध्यें सुर्जी-अंजनगांवचा तह झाला. कंपनीच्या बाजूनें तह ठरविणारा सेनापति आर्थर वेलस्ली हा होता, आणि ज्याच्या वतीनें त्यानें तो ठरविला तो गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली हा त्याचा वडील भाऊ होता.

तहाची शाई वाळते न वाळते तोंच त्यांतील एका कलमाच्या अर्थाविषयीं वाद उत्पन्न झाला. ज्या संस्थानिकांशीं व जमीनदारांशीं कंपनीनें स्वतंत्र करार केले होते, त्यांच्यावर शिंद्यांचा हक्क राहूं नये, असा त्या कलमाचा आशय होता. ग्वाल्हेरचा किल्ला आणि गोहदचा मुलूख त्यांत येतात कीं येत नाहींत? कलकत्त्यांत बसलेला वडील भाऊ म्हणाला, येतात. ते शिंद्यांना मिळणार नाहींत. वाटाघाटीच्या बैठकींत प्रत्यक्ष बसलेला धाकटा भाऊ म्हणाला, बोलण्यांत जें ठरलें त्याला धरून ते शिंद्यांकडेच राहिले पाहिजेत. शिंद्यांच्या दरबारीं वकील म्हणून गेलेला जॉन माल्कम यानेंहि धाकट्या भावाचीच बाजू घेतली. ग्वाल्हेर एक वेळ गेलें तरी चालेल, पण दिलेल्या शब्दाचा लौकिक जातां कामा नये, या आशयाचें पत्र आर्थर वेलस्लीनें लिहिलेलें आहे. परंतु अधिकार वडील भावाचा होता, म्हणून अर्थहि त्याचाच ठरला. परिणाम काय झाला? शिंद्यांच्या मनांत अढी बसली ती गेली नाहीं. आणि पुढें ता. २२ नोव्हेंबर १८०५ रोजीं नवा तह करून कंपनीनें ग्वाल्हेर व गोहद शिंद्यांना परत दिलें. त्या वेळीं रिचर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल राहिला नव्हता.

या प्रसंगांत दोन पंच होते असें म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं. एकाजवळ अधिकार होता, दुसऱ्याजवळ प्रत्यक्ष माहिती होती. अधिकार म्हणजे माहिती नव्हे, ही गोष्ट जेथें विसरली जाते तेथें निर्णय होतो, पण तो टिकत नाहीं. खेळांच्या नियमांना हें तत्त्व सांपडावयास आणखी पुष्कळ वर्षें लागलीं.

आपल्या जुन्या पंचायतींना मात्र या प्रश्नाची एक बाजू चांगली उमगली होती. मराठेशाहींत वतनाचा, शिवेचा किंवा देण्याघेण्याचा तंटा पंचांपुढें जाई, तेव्हां साक्षी-पुरावे सुरू होण्यापूर्वींच वादी आणि प्रतिवादी या दोघांकडून राजीनामा लिहून घेत. येथें राजीनामा या शब्दाचा आजच्यासारखा नोकरी सोडण्याशीं संबंध नव्हता. पंच जें ठरवतील तें आम्हांस राजीखुषीनें मान्य राहील, असा तो लेख असे. त्याबरोबर जामीनहि द्यावा लागे. निकाल कोणाच्या बाजूनें लागणार हें कोणास ठाऊक नसतांना निकाल मानण्याचें वचन घ्यावयाचें, यांतच सगळें मर्म होतें. निकाल ऐकल्यानंतर मागितलेली संमति हरलेला मनुष्य कधींच देत नाहीं. खेळाच्या पंचांच्या बाबतींतहि हेंच खरें आहे. पण खेळाचे पंच पांच नसतात, बहुधा दोन असतात, आणि दोघांत बहुमत होत नाहीं, ही तेथील विशेष अडचण होय.

या अडचणीवर पहिला उपाय क्रिकेटनें काढला. लंडनमध्यें इ. स. १७४४ सालीं या खेळाचे जे नियम लिहिले गेले, त्यांत दोन पंच सांगितले असून प्रत्येकजण आपापल्या बाजूच्या यष्टींपुरता एकटा न्यायाधीश ठरविलेला आहे. म्हणजे शेतकरी जसा धुऱ्यावर दगड रोवून शेताची वांटणी करतो, तशीच ही अधिकाराची वांटणी झाली. माझ्या धुऱ्याच्या आंत मी, तुझ्या धुऱ्याच्या आंत तूं. भांडणाचें कारणच उरत नाहीं. तथापि मैदानावरचा चेंडू धुरा पाळीत नाहीं. सीमेजवळचा झेल, जमिनीला टेंकून मग हातांत आलेला चेंडू, अशा कित्येक गोष्टी दोघांच्याहि दृष्टीच्या कडेवर घडतात. अशा वेळीं दोघांचें जुळलें नाहीं तर काय करावें, याविषयीं विसाव्या शतकांतील क्रिकेटच्या नियमांत एक सावध वाक्य होतें: पंचांत मतभेद झाल्यास असलेली स्थिति तशीच पुढें चालावी. खटल्याचा निकाल लागेपर्यंत ज्याचा ताबा त्याच्याकडे ठेवावा, तसा हा प्रकार. यानें खेळ थांबत नाहीं हें खरें. परंतु खरें काय घडलें, या प्रश्नाला उत्तरहि मिळत नाहीं.

दुसरा उपाय फुटबॉलचा. आरंभीं त्या खेळांत पंचच नव्हते. दोन्ही संघांचे नायक आपसांत वाद मिटवीत. पुढें प्रत्येक संघानें आपला एक पंच आणावा अशी पद्धत पडली. हे पंच दोन पक्षांच्या दोन वकिलांसारखे वागूं लागले, यांत नवल नाहीं. म्हणून त्या दोघांचा मतभेद झाला म्हणजे निवाडा देण्यासाठीं मैदानाच्या बाहेर एक तिसरा मनुष्य उभा करण्यांत आला. तोच रेफरी. पण ज्याच्याकडे शेवटचा शब्द, तो सर्वांत लांब उभा, हा विपरीत प्रकार फार दिवस चालण्यासारखा नव्हता. इ. स. १८९१ सालीं नियम बदलले. रेफरी मैदानाच्या आंत आला आणि दोन पंच रेषेवर जाऊन त्याचे मदतनीस झाले. शेवटचा शब्द ज्याचा, त्यानें घटनेच्या जवळ असावें, ही गोष्ट फुटबॉलला अनुभवानें शिकावी लागली.

तिसरा उपाय अमेरिकेंतील बेसबॉल व त्याचें धाकटें भावंड सॉफ्टबॉल या खेळांतून पुढें आला. हे खेळ ज्यांनीं पाहिले नसतील त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगावयाचें तर, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणीं असतात. फलंदाज पहिल्या कोपऱ्याशीं, म्हणजे घरठाण्याशीं उभा राहून चेंडू मारतो आणि क्रमानें बाकीचीं तीन ठाणीं गांठून पुन्हां घरीं आला म्हणजे एक धांव होते. तो ठाण्यावर पोंचण्यापूर्वीं चेंडू तेथें पोंचला तर तो बाद. एक मुख्य पंच घरठाण्यामागें उभा राहतो आणि दुसरा ठाण्यांच्या जवळ फिरता असतो.

ता. २३ सप्टेंबर १९०८ रोजीं न्यूयॉर्क येथें न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो कब्ज या संघांचा सामना चालला होता. शेवटचा डाव, दोन्ही संघांची एक-एक धांव, आणि न्यूयॉर्कचे दोन गडी बाद. एक खेळाडू तिसऱ्या ठाण्यावर आणि फ्रेड मर्कल नांवाचा एकोणीस वर्षांचा पोरगा पहिल्या ठाण्यावर उभा होता. फलंदाजानें चेंडू लांब मारला, तिसऱ्या ठाण्यावरचा खेळाडू घरीं पोंचला, आणि सामना जिंकला असें समजून प्रेक्षक मैदानांत घुसले. मर्कलहि दुसऱ्या ठाण्याला पाय न लावतांच वळून निघून गेला. शिकागोच्या जॉनी एव्हर्स या खेळाडूनें चेंडू मागून घेतला, दुसऱ्या ठाण्यावर पाय ठेवला, आणि मर्कल बाद आहे, सबब ती धांव धरतां येत नाहीं, असा हक्क सांगितला.

ठाण्याजवळचा पंच बॉब एम्सली हा जागेच्या मानानें सर्वांत जवळ होता. पण मारलेला चेंडू चुकवितांना तो खालीं पडला होता. त्यानें सरळ सांगितलें कीं, मीं हें पाहिलेलें नाहीं. मग त्यानें घरठाण्यामागच्या हँक ओडे या मुख्य पंचाला विचारलें. ओडेनें पाहिलें होतें. त्यानें मर्कल बाद असल्याचा निर्णय दिला; धांव रद्द झाली; गर्दीमुळें व अंधारामुळें पुढें खेळ होऊं शकला नाहीं आणि सामना बरोबरींत सुटला. संघटनेचा अध्यक्ष हॅरी पुलियम यानें पंचांचा निर्णय उचलून धरला. हंगामाच्या शेवटीं हेच दोन संघ बरोबरींत आले, म्हणून ता. ८ ऑक्टोबर रोजीं तो सामना पुन्हां खेळविला गेला आणि शिकागोनें तो चार विरुद्ध दोन धांवांनीं जिंकला.

या गोष्टीला एक पूर्वपीठिका आहे. त्याच महिन्याच्या ४ तारखेस पिट्सबर्ग येथें अगदीं असाच प्रकार घडला होता आणि त्या दिवशींहि एव्हर्सनेंच हक्क सांगितला होता. त्या सामन्यांत ओडे एकटाच पंच होता. आपण तिकडे पाहिलें नाहीं म्हणून आपल्याला निर्णय देतां येत नाहीं, असें त्यानें त्या वेळीं म्हटलें. त्यानंतर मात्र त्यानें त्या ठाण्याकडे लक्ष ठेवण्याचा नेम केला असला पाहिजे. कारण न्यूयॉर्कला त्याची नजर बरोबर जेथें असावयास हवी तेथेंच होती. न्यूयॉर्कच्या लोकांनीं त्या निर्णयाबद्दल पुढें कितीहि आदळआपट केली असली, तरी दोन पंचांच्या वागणुकींत नांवें ठेवण्यासारखें कांहीं नव्हतें. एकानें ‘पाहिलें नाहीं’ म्हणण्याचें धैर्य दाखविलें आणि दुसऱ्यानें ‘पाहिलें’ म्हणण्याचें. हजारों लोक ओरडत असतांना यांतील पहिलें धैर्य अधिक अवघड असतें.

पुढें बेसबॉलच्या नियमांत या बाबतींत जें कलम आलें तें फार विचारपूर्वक लिहिलेलें आहे, आणि सॉफ्टबॉलनेंहि तोच मार्ग धरला आहे. सॉफ्टबॉलचा जन्म इ. स. १८८७ सालीं शिकागो येथें जॉर्ज हँकॉक याच्या कल्पनेंतून एका बंदिस्त दालनांत झाला. त्याचा जो स्लोपिच नांवाचा प्रकार आहे, त्यांत चेंडू खालच्या हातानें, कमानीसारखा उंच आणि सावकाश टाकावयाचा असतो; क्षेत्ररक्षणाला नवाऐवजीं दहा खेळाडू असतात. दिवसभर काम करून संध्याकाळीं मैदानावर येणाऱ्या प्रौढ स्त्रीपुरुषांना तो झेपतो, म्हणून अमेरिकेंत त्याचा प्रसार फार आहे. महाराष्ट्रांतील शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांमध्येंहि सॉफ्टबॉल खेळला जातो. अशा सामन्यांना पंच पुष्कळदां दोनच मिळतात, आणि मैदान तर चार ठाण्यांचें. तेव्हां एकाच घटनेवर दोघांनीं दोन निर्णय देण्याचे प्रसंग यावयाचेच.

समजा, फलंदाजानें चेंडू जमिनीलगत मारला, क्षेत्ररक्षकानें तो उचलून पहिल्या ठाण्यावर फेंकला, आणि धांवणारा पोंचण्यापूर्वीं तो तेथील खेळाडूच्या हातमोज्यांत शिरला. ठाण्याजवळच्या पंचानें ‘बाद’ म्हणून मूठ उंचावली. पण त्याच्याकडे खेळाडूची पाठ होती. चेंडू मोज्यांतून निसटून खालीं पडला तो घरठाण्यामागच्या पंचाला दिसला आणि त्यानें ‘नाबाद’ची खूण केली. आतां खरें कोणाचें? नियमाचें उत्तर असें आहे. मुख्य पंचानें दुसऱ्या पंचाला बाजूला घ्यावें. त्या बोलण्याच्या वेळीं कोणीहि खेळाडू किंवा संघाचा चालक जवळ असूं नये. मग कोणाचा निर्णय राहील हें मुख्य पंचानें ठरवावें. पण तें आपला मान मोठा म्हणून नव्हे, तर घटना पाहण्यास अधिक योग्य जागीं कोण होता आणि कोणाचा निर्णय बरोबर असण्याचा संभव अधिक, या दोन कसोट्यांवर.

यांतील बारकावा ध्यानांत घेण्याजोगा आहे. मुख्य पंचाला अधिकार दिलेला आहे तो निवड करण्याचा. स्वतःलाच निवडण्याचा नव्हे. चेंडू पडलेला त्याला स्पष्ट दिसला असेल तर त्याचा निर्णय राहील. परंतु तो साठ-सत्तर फूट दूर असेल आणि मध्यें धांवणारा आडवा आला असेल, तर त्यानें आपली खूण मागें घेऊन धाकट्याचा निर्णय कायम करावा, हाच त्याच्या अधिकाराचा योग्य उपयोग होय. कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलानें ही एक गोष्ट केली असती, तर सुर्जी-अंजनगांवच्या तहाचें कलम दोन वर्षांनीं दुरुस्त करण्याची पाळी आली नसती.

या कलमाला दोन पुरवण्या आहेत आणि त्याहि तितक्याच महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी कीं, एका पंचानें निर्णय दिल्यावर दुसऱ्यानें न विचारतां त्यांत तोंड घालूं नये. मतभेद अजाणतां एकाच क्षणीं झाला तर तो मिटवावा. पण एकानें दिलेला निर्णय दुसऱ्यानें सर्वांदेखत खोडून काढूं नये. तसें झालें तर पुढच्या प्रत्येक निर्णयाला खेळाडू दुसऱ्या पंचाकडे धांवतील, आणि मग दोन पंच असून एकहि नसल्यासारखें होईल. दुसरी पुरवणी सॉफ्टबॉलच्या नियमांत विशेष स्पष्ट आहे: निर्णय बदलल्यामुळें जर एखादा धांवणारा विनाकारण संकटांत सांपडला असेल, तर त्याचें झालेलें नुकसान पंचांनीं भरून काढावें. वरच्या उदाहरणांत ‘बाद’ ऐकून फलंदाज ठाणें सोडून परत फिरला आणि कोणी त्याला चेंडू लावला, तर नंतर ‘नाबाद’ ठरल्यावर त्याला पुन्हां ठाण्यावर बसवावयास हवें. कारण तो निघाला तो पंचाच्याच शब्दावर विश्वास ठेवून. पंचाच्या चुकीचा दंड पंचाची आज्ञा पाळणाऱ्यानें कां भरावा? इतकी माया एरवीं कोरड्या दिसणाऱ्या नियमाच्या पोटांत असते.

आतां आपल्या देशी खेळांकडे वळूं. खो-खो, हुतूतू, आट्यापाट्या हे खेळ शतकानुशतकें खेळले गेले, पण त्यांचे नियम गांवोगांव निराळे असत आणि पंच म्हणजे बहुधा गांवांतील एखादा वडीलधारा मनुष्य असे. स्पर्धा सुरू झाल्या तेव्हां दोन गांवांचे दोन नियम समोरासमोर आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें इ. स. १९१४ च्या सुमारास खो-खोच्या नियमांना बांधीव रूप देण्याचें काम हातीं घेतलें. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानें तें पुढें नेलें. आणि १९२८ सालीं स्थापन झालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानें १९३५ सालीं आट्यापाट्या व खो-खो यांचे नियम छापून प्रसिद्ध केले. वऱ्हाडांत याच काळीं अमरावतीचें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभें राहिलें. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं तें स्थापन केलें. १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामने भरले त्या प्रसंगीं या मंडळाच्या पथकानें आपले देशी खेळ जगापुढें करून दाखविले. परक्या लोकांना खेळ दाखवावयाचा म्हणजे त्याचा नियम एका वाक्यांत सांगतां आला पाहिजे. ‘आमच्याकडे असेंच खेळतात’ हें उत्तर तेथें चालत नाहीं.

खो-खोच्या नियमांत पंचांची जी व्यवस्था आहे, तींत वर सांगितलेल्या उपायांपैकीं दोन एकत्र आलेले दिसतात. दोन खुंटांच्या मध्यें जी पाटी आंखलेली असते ती मैदानाचे दोन भाग करते. तिच्या एका अंगाला एक पंच, दुसऱ्या अंगाला दुसरा. आपापल्या भागांतील निर्णय प्रत्येकानें द्यावा आणि दुसऱ्याला त्याच्या भागांत मदत करावी. हा क्रिकेटचा धुरा झाला. परंतु पळणारा गडी दोन बसलेल्या गड्यांच्या मधून निमिषार्धांत एका भागांतून दुसऱ्या भागांत जातो. पाठलाग करणाऱ्याचा पाय पाटीला लागला कीं नाहीं, खो उठण्याआधीं मिळाला कीं मागाहून, हें दोघांना दोन बाजूंनीं दोन प्रकारचें दिसूं शकतें. म्हणून या दोघांवर एक सरपंच, म्हणजे रेफरी, नेमलेला असतो. पंचांना साहाय्य करावें आणि त्यांच्यांत मतभेद झाल्यास अखेरचा निर्णय द्यावा, हें त्याचें काम. हुतूतूचेंच आजचें नांव कबड्डी. तींतहि दोन बाजूंच्या रेषांवर दोन पंच आणि त्यांच्यावर एक सरपंच अशीच रचना आहे. अर्थात् तिसरा मनुष्य मिळतो म्हणून हें सोपें जातें. सॉफ्टबॉलच्या दोन पंचांना तिसऱ्याचें काम आपसांतच उरकावें लागतें.

अलीकडे या सर्वांवर यंत्राची भर पडली आहे. ता. १४ नोव्हेंबर १९९२ रोजीं दरबान येथें भारत व दक्षिण आफ्रिका यांच्या कसोटी सामन्यांत मैदानावरील पंचानें धांवबादचा निर्णय दूरचित्र पाहणाऱ्या तिसऱ्या पंचाकडे सोंपविला, आणि अशा रीतीनें बाद झालेला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर होता. २०१४ सालीं सुरू झालेल्या प्रो कबड्डीच्या सामन्यांतहि चढाईचें चित्र पुन्हां पाहून निर्णय करतां येतो. यंत्रानें नवें कांहीं केलें असें मात्र नव्हे. ‘अधिक चांगलें कोणास दिसलें?’ हाच जुना प्रश्न तेथेंहि विचारला जातो. फक्त उत्तर देणारा डोळा कांचेचा असतो. तोहि एका कोनांतूनच पाहतो, आणि चित्र अस्पष्ट आलें तर अखेर मनुष्यालाच ठरवावें लागतें.

गांवच्या मैदानावर तर कांचेचा डोळा नसतोच. सुगी उरकल्यावर वऱ्हाडांतील खेड्यापाड्यांतून कबड्डी व खो-खो यांचे सामने होतात. चुन्यानें रेषा आंखल्या जातात. बाहेरगांवचे संघ येतात. आणि पंच म्हणून दोन शिक्षक किंवा दोन जुने खेळाडू उभे राहतात. अशा ठिकाणीं एका निर्णयावरून उठलेला तंटा मैदानापुरता राहत नाहीं. तो दोन आळ्यांत, दोन गांवांत जातो, बाजाराच्या दिवशीं पुन्हां निघतो, आणि पुढच्या वर्षीं सामनेच बंद पडतात. नुकसान होतें तें पोरांचें. त्यांचा तर त्या तंट्यांत कांहींच अपराध नसतो.

हें टाळण्याला मोठा खर्च लागत नाहीं. नाणें उडविण्यापूर्वीं दोन्ही पंचांनीं व दोन्ही नायकांनीं पांच मिनिटें एकत्र यावें. कोणता पंच कोणती रेषा पाहील हें मोठ्यानें सांगावें. दोघांचे निर्णय जुळले नाहींत तर दोघे बाजूला जाऊन बोलतील, त्या वेळीं कोणी जवळ येणार नाहीं, आणि अखेरचा शब्द अमक्याचा, हें दोन्ही नायकांकडून कबूल करून घ्यावें. जुन्या पंचायतीचा राजीनामा तो हाच. मग प्रत्यक्ष प्रसंग आला म्हणजे ज्याचा शब्द अखेरचा, त्यानें आधीं दुसऱ्याला एवढेंच विचारावें: ‘तुम्हांस तें कोठून दिसलें?’ आणि ज्याला दिसलें नसेल त्यानें, एम्सलीसारखें, दिसलें नाहीं असें मोकळेपणानें सांगावें. इतकें झालें तर हरलेला संघहि घरीं जातांना पंचांना नमस्कार करून जाईल, आणि पुढच्या वर्षीं पुन्हां खेळावयास येईल.